बेवारस गाडी रस्त्यावरून उचलली का जात नाही आणि ती उचलून घ्यायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सोसायटीच्या गेटबाहेर एक जुनी व्हॅन दोन पावसाळे एकाच जागी उभी आहे, टायर बसलेत, आत लोक कचरा टाकतात, अ‍ॅपवर तीनदा तक्रार टाकली आणि तिन्ही वेळा "निकाली" असा मेसेज आला, ट्रॅफिकवाले म्हणतात पालिकेचं काम, पालिकेत म्हणतात पोलिसांकडे जा, मग नेमकं जायचं कुठे. मी मुंबई महानगर भागातल्या एका पालिकेत अतिक्रमण खात्यात बरीच वर्षं हेच काम केलंय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हे कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे तुमची पुढची तक्रार परत येणार नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. फूटपाथवरची टपरी किंवा टाकलेलं डेब्रिज उचलायला खात्याला फार विचार करावा लागत नाही, पण गाडी म्हटलं की तिचं आरटीओत कुणाच्या तरी नावावर रजिस्ट्रेशन असतं, ती कुणाची तरी मालमत्ता असते. आज क्रेन लावून नेली आणि उद्या मालक आरसी बुक घेऊन आला की "माझी चालू गाडी होती, म्युझिक सिस्टिम होती, ती कुठाय", तर जो उत्तर देणार तो पंचनाम्यावर सही करणारा ज्युनियर इंजिनियर किंवा इन्स्पेक्टर. त्यामुळे तो बिचारा नेहमी एकच बघतो, ही गाडी खरंच बेवारस आहे हे कागदावर दिसतंय का. तुमच्या तक्रारीत ते दिसत नसेल तर तक्रार पुढे जात नाही. आळस, दुर्लक्ष हेही असतं, मी नाही म्हणत नाही, पण बहुतेक तक्रारी अडकतात त्या इथे.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम १२७ वाचा, छोटंसं आहे. सार्वजनिक जागेत गाडी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस किंवा कुणी लक्ष न देता सोडलेली असेल, किंवा जिथे पार्किंगला मनाई आहे तिथे उभी असेल, तर त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी ती टो करायला किंवा जॅमर लावायला सांगू शकतो. मोडलेली, जळलेली, अर्धी सुटी केलेली गाडी वाहतुकीला धोका होत असेल तर ती लगेच हलवता येते, आणि टोइंगचा खर्च मालकाच्या डोक्यावर. म्हणजे पोलिसांना अधिकार नाही असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही. पण व्यवहारात काय होतं, की ट्रॅफिकची टोइंग व्हॅन ही नो पार्किंगमधल्या चालत्या गाड्यांसाठी बनलेली असते, चाकं फिरणारी गाडी ती ओढते, चारही टायर बसलेली आणि ब्रेक जाम झालेली व्हॅन तिच्याने हलत नाही, त्याला हायड्रा, म्हणजे मोठी क्रेन लागते. शिवाय नेऊन ठेवायची कुठे, चौकीसमोर जागा नाही. म्हणून ते पालिकेकडे बोट दाखवतात.

पालिकेचा अधिकार वेगळ्या कायद्यातून येतो. मुंबईत मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चं कलम ३१४, बाकी पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर वगैरे सगळ्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे, त्यात कलम २३० आणि २३१. रस्त्यावर अडथळा होईल अशी वस्तू ठेवायची नाही आणि ठेवली तर आयुक्त ती नोटिशीशिवायही काढू शकतात, असा त्याचा अर्थ. कायद्यात नोटीस सक्तीची नसली तरी गाडीच्या बाबतीत नोटीस देतातच, आणि ते योग्यच आहे, कारण कधीकधी मालक खरंच दवाखान्यात किंवा गावी असतो.

तर दार कुठलं? गाडी चालती आहे, रोज कुणीतरी येऊन चुकीच्या जागी लावतो, तर ट्रॅफिक पोलीस. गाडी मेलेली आहे, महिनोन्‌महिने हललेली नाही, तर वॉर्ड ऑफिसचं अतिक्रमण खातं, आणि त्याची प्रत लोकल पोलीस ठाण्याला. गाडी अचानक आली, कुणाची माहीत नाही, नंबर प्लेट नवी पण गाडी जुनी, आत पिशव्या दिसतायत, तर अ‍ॅप वगैरे सोडा, ११२ लावा, आणि जवळ जाऊन डोकावू नका, लोकांनाही लांब ठेवा. मुंबईत हे गमतीत घ्यायचं नाही, २०२१ च्या फेब्रुवारीत कारमायकल रोडला उभ्या स्कॉर्पिओत जिलेटिनच्या कांड्या सापडल्या होत्या.

आणि पोलीस ठाण्याबाहेर ज्या गंजलेल्या गाड्यांच्या रांगा दिसतात त्यांच्याबद्दल पालिकेकडे तक्रार करून उपयोग नाही, तो मुद्देमाल असतो, म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेल्या गाड्या, कोर्टाच्या हुकमाशिवाय हलत नाही. सुप्रीम कोर्टाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं सडवत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून, हमी घेऊन मालकाला द्या, कुणी येत नसेल तर कोर्टाच्या हुकमाने लिलाव करा. त्या रांगेने तुमचा रस्ता अडत असेल तर ह्या निकालाचा उल्लेख करून पोलीस उपायुक्तांना पत्र द्या, मुद्देमाल निर्गतीच्या मोहिमा त्यांच्याकडे अधूनमधून चालू असतात.

आता पुरावा, ह्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे कारण सगळं इथेच ठरतं. एक फोटो टाकून "बेवारस गाडी हटवा" लिहिलं की इन्स्पेक्टरला कळतच नाही ही पार्क केलेली आहे की टाकलेली. फोटो चारही बाजूंनी काढा, त्यात एक फोटो असा हवा की मागे दुकानाची पाटी, गेट किंवा विजेचा खांब दिसेल, खांबावर नंबर रंगवलेला असतो तो टिपा, कारण "अमुक सोसायटीजवळ" ह्या पत्त्यावर माणूस पोचेपर्यंत अर्धा तास जातो आणि नाही सापडली की तक्रार बंद. मग टायरचा जवळून फोटो, बसलेला टायर, टायरखाली साचलेली माती, उगवलेलं गवत. मोबाईलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन छापणारं अ‍ॅप मिळतं, त्यातून काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आठ-दहा दिवसांनी त्याच जागी उभं राहून त्याच कोनातून तोच फोटो परत काढा. टायरच्या बाजूला रस्त्यावर खडूची रेघ मारून ठेवली तर आणखी चांगलं, रेघ जागेवर म्हणजे गाडी जागेवर. ह्या दोन फोटोंनी जे सिद्ध होतं ते दहा तक्रारींनी होत नाही. कलम १२७ चे दहा तास ह्यातूनच दिसतात.

नंबर प्लेट असेल तर एम-परिवहन अ‍ॅपवर टाकून बघा, मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही पण गाडीचं मॉडेल, रजिस्ट्रेशनची तारीख, फिटनेस आणि इन्शुरन्स कधी संपला ते दिसतं. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, नंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं, ते संपलेलं असेल तर स्क्रीनशॉट जोडा, इन्शुरन्सही कधीचा संपलेला असेल तर तोही. अ‍ॅपवर मारुती आणि रस्त्यावर दुसरंच मॉडेल असं निघालं तर प्लेट बदललेली आहे, मग ते सरळ पोलिसांना द्या, चोरीची असू शकते. प्लेटच नसेल तर चॅसिस नंबर लागतो पण तो तुम्ही बोनेट उघडून शोधू नका, ते काम पंचनाम्याच्या वेळी त्यांना करू द्या.

पत्र मोठं नको. असं लिहा: "अमुक रस्ता, खांब क्रमांक अमुक, येथे पांढऱ्या रंगाची व्हॅन, क्रमांक अमुक, किमान अमुक महिन्यापासून एकाच जागी उभी आहे. चारही टायर बसलेले, काचा फुटलेल्या, आत कचरा. अमुक आणि अमुक तारखेचे फोटो जोडले आहेत. वाहनामुळे पादचाऱ्यांना रस्त्यात उतरावे लागते. कृपया पाहणी करून नोटीस चिकटवावी व मुदतीनंतर वाहन हटवावे." खाली तुमच्या कायद्याचं कलम टाका, मुंबई असेल तर ३१४, नसेल तर २३० आणि २३१. वॉर्ड ऑफिसच्या आवक खिडकीवर देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. मुंबईत १९१६ वर फोन करूनही तक्रार नोंदवता येते, पुण्यात पीएमसी केअर अ‍ॅप आहे, ते करा जरूर, पण शिक्का मारलेला कागद हातात असणं वेगळं, पुढे तोच उपयोगी पडतो.

ह्या पत्रात राग काढू नका. "अधिकारी झोपलेत का" असं लिहिलेलं पत्र वाचताना माणूस पहिल्यांदा स्वतःचा बचाव शोधतो, काम नंतर.

मग आत काय होतं. इन्स्पेक्टर पाहणी करतो, गाडीवर नोटीस चिकटवतो, मुदत साधारण ४८ ते ७२ तासांची असते. नंबरवरून आरटीओकडून मालकाचं नाव-पत्ता मागवतात. मुदत संपली की पंचनामा, फोटो, मग क्रेन, मग यार्ड. मुंबईत यार्डात महिनाभर ठेवतात, तेवढ्यात मालक आला तर दंड आणि उचलण्या-ठेवण्याचा खर्च भरून, कागद दाखवून नेऊ शकतो, नाही आला तर लिलाव, म्हणजे भंगारात. नोटीस चिकटली की त्याच दिवशी तिचा फोटो काढून ठेवा, हे लोक विसरतात. पावसाने नोटीस गळून जाते, कधी मालकच फाडून टाकतो, आणि मग तारखेवरून वाद. तुमच्याकडे फोटो असला की मुदत कधी संपली हे तुम्ही सांगू शकता.

अडतं कुठे ते पण सांगतो. एक म्हणजे यार्ड भरलेलं असतं, लिलाव झाल्याशिवाय नवीन गाड्या ठेवायला जागा नाही. दुसरं क्रेन, एका व्हॅनसाठी हायड्रा आणणं परवडत नाही, म्हणून आठ-दहा गाड्या जमल्या की एक दिवस काढतात. ह्यातूनच माझा सगळ्यात उपयोगी सल्ला निघतो: तुमच्या एका व्हॅनवर थांबू नका, आजूबाजूच्या दोन-तीन गल्ल्या फिरून सगळ्या मेलेल्या गाड्यांची यादी करा, नंबर, जागा, खांब, फोटो, आणि अ‍ॅपवर प्रत्येकाची वेगळी तक्रार टाकून वर सगळ्यांची मिळून एक यादी पत्रासोबत वॉर्डात द्या. आयती यादी हातात पडली की खात्याची अर्धी मेहनत वाचते आणि क्रेनचा एक दिवस भरतो. दुचाकी वेगळ्या लिहा, त्या टेम्पोत चार माणसं हाताने चढवतात, त्यांना क्रेनची वाट बघायची गरज नाही, त्या आधी जातील आणि तेवढा रस्ता तरी मोकळा होईल.

वेळ पण बघून करा. एप्रिल-मे मध्ये पावसाळापूर्व कामं चालू असतात, नंतर गणपतीच्या आधी मिरवणुकीचे रस्ते मोकळे करतात, ह्या दोन्ही वेळेला वरून दबाव असतो आणि क्रेन बाहेर असतात, तुमची यादी त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी टेबलावर हवी. रस्त्याचं काँक्रिटीकरण किंवा पाइपलाइनचं खोदकाम मंजूर झालं असेल तर रस्ते खात्याच्या इंजिनियरला भेटा, त्याला रस्ता रिकामा करून हवाच असतो, तो स्वतः अतिक्रमण खात्याच्या मागे लागतो.

आणखी एक दार आहे जे लोकांना सुचत नाही, कीटकनाशक विभाग. फुटक्या काचेतून आत पाणी साचतं, टायरमध्ये साचतं, डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास तयार होतात, पाणी आटलं तरी अंडी महिनोन्‌महिने टिकतात. पावसाळ्यात ह्या विभागाची माणसं तक्रारीवर लवकर येतात, आणि गाडीत अळ्या सापडल्याची त्यांची नोंद झाली की अतिक्रमण खात्याला ती फाईल बाजूला ठेवणं अवघड जातं. ही पळवाट समजू नका, त्या गाडीशेजारी खेळणाऱ्या मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

तुमच्यासारखं तक्रार न सोडवताच "निकाली" दाखवलं असेल तर त्याच दिवशी गाडीचा नवा फोटो काढून तक्रार पुन्हा उघडा, आणि सहायक आयुक्तांना, म्हणजे वॉर्ड ऑफिसरला, आधीच्या सगळ्या तक्रारींचे नंबर लिहून भेटून पत्र द्या. तरी नाही हललं तर राज्य सरकारच्या आपले सरकार पोर्टलवर टाका, आणि सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "गाडी का उचलली नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. विचारा की अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर पाहणी कुठल्या तारखेला झाली, पाहणी अहवालाची प्रत द्या, नोटीस दिली असल्यास प्रत द्या, तक्रार कुठल्या शेऱ्याने बंद केली त्याची प्रत द्या. कागद मागितला की कागद तयार करावा लागतो, आणि तो तयार करताना बऱ्याचदा गाडीच उचलली जाते.

पण ह्या सगळ्याच्या आधी एक प्रयत्न करून बघा, मालक शोधा. ह्या गाड्या आकाशातून पडत नाहीत. कुणी वारलेला असतो आणि मुलांनी गाडी नावावर करून घेतलेली नसते. कुणी गाडी विकलेली असते पण ट्रान्सफर झालेला नसतो, त्यामुळे घेणारा म्हणतो माझी नाही आणि विकणारा म्हणतो मी तर विकली. कुणाचं लोन थकलेलं असतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये उभी राहिलेली, बॅटरी गेलेली, मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघाला म्हणून तशीच सोडलेली, अशा पण कितीतरी. रिक्षा आणि काळी-पिवळी टॅक्सीचं वयोमर्यादेचं प्रकरण असतं, परमिटवर नवीन गाडी आली की जुनीचा सांगाडा कुठेतरी कोपऱ्यात. वॉचमन, पानवाला, इस्त्रीवाला ह्यांना विचारा, दहातल्या बऱ्याच गाड्यांचा मालक त्याच गल्लीत निघतो. त्याच्याशी नीट बोला, "काका, ही भंगारात दिली तर तुम्हालाच पैसे मिळतील, पालिकेने उचलली तर उलट भरावे लागतील", एवढ्यावर पुष्कळ गाड्या स्वतःहून जातात, आणि हा सगळ्यात चांगला शेवट, कुणाचं नुकसान नाही. एखाद्या गाडीत कुणी झोपत असेल, रात्रीच्या ड्युटीचा ड्रायव्हर किंवा घर नसलेलं माणूस, तर त्याला आधी सांगा, त्याचं सामान काढायला वेळ द्या, क्रेन दारात आल्यावर नको.

गाडी एखाद्या गॅरेजसमोर असेल तर ती बेवारस नसते, गिऱ्हाइकाची असते, तिथे रस्त्यावर धंदा चालवल्याची तक्रार करायची, परवाना खात्याकडे.

आणि काही झालं तरी स्वतः हात लावू नका. ढकलून दुसऱ्या गल्लीत नेणं, काच फोडणं, भंगारवाल्याला बोलावून परस्पर विकणं, हे चोरीत आणि नुकसानीत मोडतं, मग गाडी कितीही कुजलेली असो. चांगल्या हेतूने केलं म्हणून पोलीस सोडत नाहीत. तसंच सोसायटीच्या आवारात आत पडलेली गाडी पालिका उचलत नाही, ती खाजगी जागा आहे. काही कमिट्या मग ती गाडी ढकलून बाहेर रस्त्यावर काढतात, असं अजिबात करू नका, अडथळा करणारे तुम्ही ठरता. तिथे रस्ता वेगळा: सभासदाला लेखी नोटीस, सर्वसाधारण सभेत ठराव, मालक सापडत नसेल तर पोलीस ठाण्याला नंबरसह पत्र देऊन चोरीची नाही ना ते तपासून घेणं, आरटीओच्या नोंदीतल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने नोटीस, आणि सभासद अडून बसला तर सहकार न्यायालय. वेळ लागतो पण कमिटीच्या अंगाशी येत नाही.

शेवटी, तुमच्या प्रश्नाखाली दोघांनी लिहिलंय की आमचीच जुनी गाडी अशी पडून आहे, काय करू. त्यांच्यासाठी. गाडी विकली असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून ट्रान्सफर झाल्याशिवाय सोडू नका, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात सांगितलंय की आरटीओत ज्याचं नाव तोच मालक, अपघात झाला तर भरपाई त्याच्या गळ्यात. मालक वारले असतील तर वारसाने फॉर्म ३१ वर आधी नावावर करून घ्यायची. आणि गाडी काढायचीच असेल तर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला नुसती देऊ नका, सुटे पार्ट विकले जातात पण आरटीओत गाडी तुमच्या नावावर जिवंत राहते. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आहेत, तिथे द्या. लोन असेल तर आधी बँकेची एनओसी घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा, थकलेली ई-चलनं बघून घ्या. केंद्र तुम्हाला सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतं, ते दाखवून नवीन गाडी घेताना रजिस्ट्रेशन फी माफ होते आणि रोड टॅक्समध्ये सवलत मिळते, केंद्र सरकारच्या नियमात खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिकला १५ टक्क्यांपर्यंत, प्रत्यक्षात राज्य किती देतंय ते आरटीओत विचारून घ्या. गाडी मोडून झाल्यावर स्क्रॅपिंगचं वेगळं सर्टिफिकेट निघतं, ते मागून घ्या, आणि महिनाभराने एम-परिवहनवर नंबर टाकून रजिस्ट्रेशन रद्द झालेलं दिसतंय का ते स्वतः तपासा.